खाली घेतलेल्या जुन्या गाडीची मागची बाजू जागेवर ठेवायला नेमकं काय बसवायचं

अँबेसिडर, पद्मिनी, कॉन्टेसा, ११८ एनई असली गाडी दोन-अडीच इंच खाली घेतली की दिसायला लई भारी दिसते, त्यात वादच नाही. पण आठ दिवसांत मालकाची तक्रार सुरू होते की गाडी मागून डुलायली, वळणावर शेपटी मारायली, मागं दोन माणसं बसली की टायर फेंडरला घासायलाय, आन् मग तो सरळ दुकानात जाऊन मागचा स्टॅबिलायझर बार मागतो. बार बसतो, पैसे जातात, टायर घासायचा तसाच घासतो. कामून, तर टायर घासू न देणं हे त्या बारचं कामच नव्हतं. मागच्या सस्पेन्शनला स्थिर करणारे पार्ट तीन-चार प्रकारचे येतात, प्रत्येकाचं काम वेगळं, आन् गाडी नेमकी कशी हलायली हे न बघता पार्ट घेतला तर तो कितीबी महागाचा असू द्या, उपयोग नाही.

मागचा अॅक्सल, म्हणजे गॅरेजात ज्याला हौसिंग म्हणतात ते, तीन तऱ्हेनं त्रास देतं. एक तर बॉडीच्या खाली डावी-उजवीकडं सरकतं, त्याला धरून ठेवतो पॅनहार्ड रॉड नाहीतर वॉट्स लिंकेज. दुसरं म्हणजे वळणावर बॉडी हौसिंगच्या वर एका अंगाला कलते, तिथं कामाला येतो अँटी रोल बार, ज्याला आपल्याकडं सगळे स्टॅबिलायझर बार म्हणतात. तिसरं, क्लच सोडून जोरात रेस दिली की हौसिंग स्वतःभोवती पिळतं, पिनियनचं नाक, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट जिथं हौसिंगला जोडतो ते टोक, वर उचलतं आन् मागून धडधड येते, त्याला ट्रॅक्शन बार. ह्यातलं एक दुसऱ्याचं काम करत नाही. जाड बार टाकून हौसिंग सरकायचं थांबत नाही आन् पॅनहार्ड टाकून गाडी कलायची थांबत नाही, एवढं डोक्यात पक्कं ठेवलं तर निम्मा खर्च वाचतो.

आता तुमची गाडी कोणती ते बघा. अँबेसिडर ही मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज ३ वरून आलेली आन् पद्मिनी मूळची फियाट ११००, दोन्हीला मागं पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग आहेत. पाटा नुसतं वजन उचलत नाही, हौसिंगला पुढं-मागं आन् डावी-उजवीकडं जागेवरबी तोच धरतो, म्हणून पाट्याची गाडी पॅनहार्डशिवाय इतकी वर्षं चालली. ११८ एनई फियाट १२४ वरून आलेली, कॉन्टेसा व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून, ह्या दोन्हीला मागं कॉइल स्प्रिंग. कॉइल फक्त वजन उचलते, हौसिंग धरायला तिथं वेगळे आर्म आन् रॉड लागतात, त्यामुळं गाडी खाली घेतली की त्या रॉडचा कोन बदलतो आन् खरी गडबड तिथून सुरू होते. स्टँडर्ड हेराल्ड नाहीतर जुनी बीटल असेल तर गोष्टच वेगळी, त्यांना मागं स्विंग अॅक्सल आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा अॅक्सल वेगवेगळा वर-खाली होतो, त्यावर साधा अँटी रोल बार टाकला तर मागची बाजू अजून लवकर सुटते, म्हणजे टायरची पकड जाऊन घसरते, तिथं कॅम्बर कॉम्पेन्सेटर नावाचा आडवा पाटा लागतो. त्या गाड्यांचं इथं जास्त सांगत नाही, खालचं सगळं सरळ हौसिंगवाल्या गाड्यांचं आहे.

पार्ट घ्यायच्या आधी अर्धा तास मोजमापाला द्या. गाडी सपाट फरशीवर उभी करा, चारी टायरात सारखी हवा, डिकी रिकामी. गवंड्याचा ओळंबा घ्या, मागच्या फेंडरच्या कडेवर चाकाच्या बरोबर मध्यावर दोरी धरा आन् दोरीपासून टायरच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत किती मिलिमीटर भरतं ते दोन्ही बाजूंनी लिहून ठेवा. समजा डावीकडं ६२ आन् उजवीकडं ५४ भरलं, तर हौसिंग ४ मिमी उजवीकडं सरकलेलं आहे, फरकाच्या निम्मं. जुन्या गाडीत डेंटिंग-पेंटिंग होऊन फेंडरच दोन-तीन मिमी इकडंतिकडं झालेला असतो म्हणून तेवढ्यावर घाबरायचं नाही, पण ८-१० मिमी सरकलं असेल तर दुखणं आहे. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतरबी दोन्हीकडून मोजा, त्यात फरक आला तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला नाहीतर सैल असू शकतो.

मग चाकांना ओट, म्हणजे दगड नाहीतर लाकडी ठोकळे लावा, एका माणसाला मागच्या कोपऱ्यापाशी उभा करून बॉडी बाजूनं ढकलायला सांगा, आन् तुम्ही बाजूला झोपून टॉर्च मारून शॅकलकडं, म्हणजे पाट्याचं टोक बॉडीला टांगणाऱ्या पट्ट्यांकडं बघा. गाडीखाली घुसायचं असेल तर घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड लावूनच, नुसत्या जॅकवर कधीच नाही. बीडच्या एका मित्राची पद्मिनी अशीच घासायची, मागच्या आतल्या फेंडरवर टायरनं रंग खाऊन बोटभर रुंद चकचकीत पट्टा पाडलेला. ढकलून बघितलं तर बॉडी हलायची आन् पाटा जागेवर, मधे शॅकल तिरकी व्हायची. उघडली तर रबर बुशचा, म्हणजे पिनेभोवतीच्या रबरी नळीचा, नुसता काळा चुरा निघाला आन् पिनवर नख अडकेल एवढी पायरी झिजलेली. दोन्ही बाजूंचे बुश, पिना, शॅकलच्या पट्ट्या नवीन टाकल्या, बास, घासणं बंद. पॅनहार्डबी नाही आन् बारबी नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, त्यात धूळ, जुनं रबर कडक होऊन फुटतंच. म्हणून माझं ठाम मत असं आहे की पहिला पैसा बुशवर, आन् बुश नवे झाल्याशिवाय बाकी कुठलाच पार्ट विकत घ्यायचा नाही.

गाडी खाली कशी घेतली हेबी बघावं लागतं. पाटा हौसिंगच्या खालून असेल तर मधे ब्लॉक टाकून गाडी खाली येते, पाटा हौसिंगच्या वरून असेल तर त्याच ब्लॉकनं गाडी वर उचलली जाते, त्यामुळं आधी खाली वाकून बघा. ब्लॉकनं पाट्याची कमान आहे तशी राहते हे चांगलं, पण हौसिंग पाट्यापासून लांब गेल्यामुळं रेस आन् ब्रेक दोन्हीत जास्त पिळतं. ब्लॉक दीड इंचापर्यंत ठीक, दोन इंचाच्या वर मी कुणालाच सांगत नाही, एकावर एक दोन ब्लॉक तर अजिबात नको, आन् पाटा हौसिंगला आवळणारे यू बोल्ट नवेच घ्यायचे, मापाला बरोबर. दुसरी पद्धत पाटेवाल्याकडून कमान उतरवून घेणं. चांगला पाटेवाला थंड पाटा घणानं ठोकून उतरवतो नाहीतर पूर्ण भट्टी-पाणी करून देतो, ते चालतं. गॅसनं मधेच एका जागी लाल करून दाबलेला पाटा मात्र घेऊ नका, तिथला टेंपर जातो आन् काही दिवसांत पाटा तिथंच बसतो नाहीतर मोडतो. कॉइलबी गॅसनं कापायची नाही, ग्राइंडरनं थंड ठेवत कापायची. आन् कापलेली कॉइल आधीपेक्षा कडक होते हे धरून चालायचं.

आता पॅनहार्ड रॉड. एक सरळ रॉड, एक टोक हौसिंगला, दुसरं टोक समोरच्या बाजूला बॉडीला. हौसिंग वर-खाली जाऊ देतो, बाजूला सरकू देत नाही. पण दाव्याला बांधलेलं जनावर खुंट्याभोवती गोलच फिरतं, तसं रॉडचं टोकबी गोलाईत फिरतं, त्यामुळं वर-खाली जाताना हौसिंग थोडं बाजूला जातंच. किती जातं ते रॉडच्या लांबीवर आन् कोनावर. हिशेब करून बघा. रॉड ९०० मिमीचा आन् गाडी उभी असताना अगदी आडवा असेल, तर चाक ५० मिमी वर गेल्यावर हौसिंग फक्त १.४ मिमी सरकतं. तोच रॉड ५०० मिमीचा असेल तर अडीच मिमी. आता गाडी ६० मिमी खाली घेतली आन् रॉड तसाच तिरका ठेवला, तर पुढच्या ५० मिमीच्या दणक्याला ९०० वाला रॉड पावणेपाच मिमी सरकवतो आन् ५०० वाला साडेआठच्या वर. खड्ड्यागणिक मागची बाजू अर्धा-पाऊण सेंटिमीटर डावी-उजवीकडं, हेच ते सरळ रस्त्यावर डुलणं, समृद्धीवर ट्रक ओलांडताना बाजूनं वारा लागला की जास्त कळतं.

ह्यावरून रॉड निवडताना बघायचं काय ते आपोआप ठरतं. जागेत बसेल तेवढा लांब. गाडी चाकावर उभी असताना आडवा आन् वरून बघितलं तर हौसिंगला समांतर. लांबी कमी-जास्त करता येणारा, एका टोकाला उजवे आटे एका टोकाला डावे, म्हणजे रॉड न काढता नुसता फिरवून हौसिंग मधोमध आणता येतं. कॉइलच्या गाडीत कंपनीचा रॉड असतो, तिथं नवीन रॉड घ्यायच्या आधी ब्रॅकेटमधे भोकं वर-खाली करून तो परत आडवा करता येतो का बघा, कारण लांबी बदलली तरी कोन तसाच राहिला तर अर्धंच काम झालं. पाट्याच्या गाडीत रॉड बसवताना अजून एक गोष्ट आहे जी बहुतेक जण सोडून देतात, तिथं पाटाबी हौसिंगला बाजूनं धरायलाय आन् रॉडबी धरायलाय, दोघांची उंची लई वेगळी असेल तर वळणावर दोघं एकमेकाशी भांडतात आन् गाडी अडखळल्यासारखी वागते. म्हणून रॉड पाट्याच्या उंचीच्या आसपासच ठेवा. आन् रॉड हलताना डिफरन्शियलच्या गोळ्याला, सायलेन्सरला, टाकीला लागत नाही ना हे चाक पूर्ण वर आन् पूर्ण खाली नेऊन बघायचं, चारीकडून २० मिमी तरी मोकळं पाहिजे.

वॉट्स लिंकेज हे ह्याच कामाचं जास्त चोख उत्तर, जेम्स वॉटनं १७८४ साली वाफेच्या इंजिनासाठी पेटंट घेतलेली तीच युक्ती. दोन रॉड, मधे हौसिंगवर फिरणारी पट्टी, हौसिंग जवळपास सरळ वर-खाली जातं. पण जागा लागते, पार्ट जास्त, बुश जास्त, वजनबी जास्त. शोची गाडी असेल आन् हौसच असेल तर करा, रोज वापरायची असेल तर लांब पॅनहार्डच बरा.

अँटी रोल बारवर लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण जाडी बघून घेतात. बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १६ मिमीचा बार काढून १८ चा टाकला, नुसते दोनच मिमी, तर १.६ पट कडक. २० चा टाकला तर जवळपास अडीच पट. आन् आर्म आखूड केला तरी कडक होतो, दहा टक्के आखूड आर्म म्हणजे साधारण २३ टक्के जास्त. पोकळ बारला कमी समजू नका, बाहेरून २२ आन् आतून १६ मिमीचा पोकळ बार हा २० मिमीच्या भरीव बारपेक्षा थोडा कडकच भरतो आन् वजन जवळपास सत्तावन्न टक्के.

पण कडक म्हणजे चांगलं असं मागच्या बाजूला नसतं, ह्यावर माझा लई जोर आहे. ह्या गाड्या मागच्या चाकावर चालणाऱ्या. मागचा बार जितका कडक तितकं वळणावर आतलं चाक हलकं होतं, रेस दिली की ते फिरतं, आन् बाहेरच्या टायरवर सगळा भार येऊन मागची बाजू आधी सुटते. कन्नडचा घाट पहिल्या पावसात उतरताना नाहीतर मांजरसुंब्याच्या वळणांवर, जिथं ट्रकचं डिझेल सांडलेलं असतं, तिथं हे झेपत नाही. म्हणून आधी पुढचा बार आन् त्याचे बुश ठीक करा, मग मागं बारीक बार, १४ नाहीतर १६ चा, आन् शेवटाला दोन-तीन भोकं असलेला घ्या म्हणजे लिंक पुढं-मागं करून कमी-जास्त करता येतं. सुरुवात सगळ्यात लांबच्या भोकापासून, म्हणजे सगळ्यात नरम. गाडी खाली घेतलेली असेल तर लिंकबी आखूड लागतात, गाडी चाकावर असताना बारचा आर्म साधारण आडवा आन् लिंक त्याला काटकोनात पाहिजे, नाहीतर बार एका अंगाला आधीच ताण घेऊन बसतो.

ट्रॅक्शन बार पद्मिनीच्या मूळ इंजिनाला लागत नाहीत, उगाच वजन. अँबेसिडरमधे इसुझू १.८ असेल, नाहीतर कुणी डिझेलचं टॉर्कवालं इंजिन टाकलेलं असेल आन् पहिल्या गिअरला मागून धडधड येत असेल तरच विचार करा, त्याच्या आधी पिनियनचा कोन मोजा. मोबाईलमधल्या अँगल अॅपनं गिअरबॉक्सच्या शाफ्टचा आन् पिनियनचा कोन बघा, दोन्ही शाफ्ट एकमेकाला समांतर पाहिजेत. ब्लॉक टाकल्यावर तो बिघडलेला असतो, दोन-तीन डिग्रीची लोखंडी पाचर पाटा आन् हौसिंगच्या मधे टाकून सुधारतो. ६० च्या पुढं मागून घूं घूं आवाज येतो तो बऱ्याचदा ह्याच्यामुळंच असतो आन् लोक शाफ्टचा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) बदलत बसतात.

शॉकअप मापाचेच घ्या. गाडी खाली आल्यावर जुना शॉकअप अर्ध्याच्या वर दाबलेलाच राहतो, खड्ड्यात तळाला ठोकतो आन् त्याची माउंटिंग तुटते. बंप स्टॉप अर्धा कापून चालेल, काढून टाकायचा नाही.

बुश कोणते हा प्रश्न नेहमी येतो. आपल्याकडच्या रोजच्या गाडीला रबर नाहीतर पॉलियुरेथेन. पॉली टिकतं, गाडी कडक वाटते, पण बसवताना सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा नाहीतर चुंईचुंई करतं. लोखंडी रोझ जॉइंट, म्हणजे रॉडच्या टोकाला बसणारे गोळीवाले सांधे, दिसायला रेसिंगचे वाटतात, पण काळ्या मातीची बारीक धूळ आत जाऊन लवकर खुळखुळायला लागतात, आन् सगळा आवाज बॉडीत येतो. फार तर पॅनहार्डच्या एका टोकाला, तेबी रबरी टोपण घालून.

बनवून घ्यायचं असेल तर मराठवाड्यात सोय चांगली आहे, वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लेथ, बेंडिंग, हीट ट्रीटमेंट सगळं मिळतं. पॅनहार्डला २५ मिमीचा, ३ मिमी जाडीचा सीमलेस पाइप सांगा. अँटी रोल बारला स्प्रिंग स्टीलच, वाकवल्यावर हार्डन-टेंपर केलेलं. जालन्याची सळई हाताशी स्वस्तात मिळते म्हणून कुणी तिचा बार नाहीतर रॉड वाकवून देतो म्हणाला तर हात जोडा, ती सळई घराच्या कॉलमसाठी आहे, लाखो वेळा पिळ खायला नाही. स्प्रिंग स्टीलला कुठंच वेल्डिंग नको, बाजूलाच तडा जातो. ब्रॅकेट हौसिंगला वेल्ड करण्यापेक्षा यू बोल्टनं आवळलेलं चांगलं, वेल्डच्या उष्णतेनं हौसिंग वाकतं आन् ऑइल सील गळायला लागतं. बॉडीकडचं टोक नुसत्या पत्र्याला लावायचं नाही, पद्मिनीला काय आन् अँबेसिडरला काय, ट्रकसारखी वेगळी चासी नाहीच, त्यामुळं बॉक्स सेक्शनला आतून-बाहेरून ४ मिमीची प्लेट देऊन लोड पसरवा. बोल्ट दोन कानांच्या मधे धरलेला पाहिजे, एका बाजूनं लटकणारा नको, आन् ८.८ च्या खालचा ग्रेड नको.

ब्रॅकेट हौसिंगच्या खाली लई लोंबू देऊ नका. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) नियमाचा स्पीड ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आन् ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून खाली घेतलेली गाडीबी निघते, पण गावागावात लोकांनी डांबराचे नाहीतर सिमेंटचे जे टोकदार उंचवटे घातलेत त्यावर पहिलं हेच ब्रॅकेट ठोकतं. काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात खचतात, त्यामुळं नवा रस्ताबी दोन वर्षांत लाटा मारायला लागतो. म्हणून आपल्या भागात गाडी ४०-५० मिमीपेक्षा जास्त खाली घेऊच नये असं मला वाटतं.

कायद्याचंबी बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ मापाच्या बाहेर गाडीत फेरफार करता येत नाही आन् सुप्रीम कोर्टानंबी जानेवारी २०१९ ला तेच सांगितलंय. गाडी ५० वर्षांच्या वरची असेल आन् २०२१ च्या नियमानं व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर ती मूळ रूपात लागते. म्हणून जे बसवाल ते बोल्टनं बसणारं ठेवा, काढून परत मूळ करता येईल असं, आन् निघालेले जुने पार्ट तेल लावून जपून ठेवा. आरटीओत आधी विचारून घेतलेलं केव्हाबी चांगलं.

बसवताना एकावेळी एकच पार्ट. बुश झाले की चालवून बघा, मग पॅनहार्ड, मग शॉकअप, सगळ्यात शेवटी बार. आन् रबर बुशवाला कुठलाबी बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना पक्का आवळू नका, उस्तादाला स्पष्ट सांगा, घाईत हेच होतं. हाताघट्ट लावा, गाडी चाकावर उतरवा, दोन-तीनदा दाबून बसू द्या, मग टॉर्क रेंचनं आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आन् सहा महिन्यांत फाटतं. त्यानंतर परत ओळंबा धरून दोन्ही बाजूंचं माप घ्या, रॉड फिरवून हौसिंग मधोमध आणा, चेक नट आवळा, आन् दोन-तीनशे किलोमीटर झाले की सगळे यू बोल्ट परत एकदा टॉर्क करून घ्या, नवे यू बोल्ट पहिल्या धावेत हमखास थोडे सैल होतात.